लॉर्ड जॉर्ज गॉर्डन : न्यूगेटच्या कोठडीत शब्बाथ पाळणारा उमराव

प्रॉटेस्टंट पंथाचा कैवारी म्हणून ज्यांच्या नावाच्या जयघोषात १७८० मध्ये लंडन पेटले, त्या लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांनी अवघ्या सात वर्षांत ज्यू धर्म स्वीकारला आणि अखेरपर्यंत त्याचे आचार तुरुंगात पाळले. १ नोव्हेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. इतिहासाची पुस्तके त्यांना दंगलीपुरते ओळखतात आणि उरलेले आयुष्य विक्षिप्तपणाच्या खाती जमा करतात. हा हिशेब फार घाईने मांडलेला वाटतो.

२६ डिसेंबर १७५१ रोजी जन्मलेले गॉर्डन हे स्कॉटलंडमधील एका ड्यूक घराण्याचे तिसरे पुत्र. ईटनमध्ये शिक्षण, नौदलात काही वर्षे चाकरी आणि १७७४ मध्ये संसदेत प्रवेश, असा त्यांचा प्रारंभीचा प्रवास आहे. १७७८ च्या कायद्याने कॅथलिकांवरील काही जुने निर्बंध सैल झाले. त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. २ जून १७८० रोजी सुमारे ५० हजारांचा समुदाय घेऊन ते संसदेवर विनंती अर्ज घेऊन गेले. पुढे जमाव कोणाच्याच हाती राहिला नाही. आठवडाभर कॅथलिकांची प्रार्थनास्थळे आणि घरे जळत होती. न्यूगेटचा तुरुंग पेटवून कैदी मोकळे करण्यात आले, तर सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचे घर ग्रंथसंग्रहासह भस्मसात झाले. सैन्याच्या गोळीबारात सुमारे ३०० माणसे मारली गेली. जमावाच्या भीतीने काही ज्यू रहिवाशांनीही आपल्या दारांवर आपण प्रॉटेस्टंट असल्याचे लिहून ठेवले होते, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतो.

गॉर्डन यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि न्यायासनावर होते तेच लॉर्ड मॅन्सफिल्ड. थॉमस अर्स्किन यांच्या बचावामुळे फेब्रुवारी १७८१ मध्ये गॉर्डन निर्दोष सुटले.

यानंतर त्यांच्या मनाचा ओढा बदलत गेला. बायबलच्या जुन्या कराराचे वाचन प्रॉटेस्टंट संस्कारातलेच होते. गॉर्डन मात्र त्यातील नियमशास्त्र आजही बंधनकारक मानण्यापर्यंत पोहोचले. १७८३ मध्ये त्यांनी लंडनच्या ज्यू पुढाऱ्यांना उद्देशून पत्र प्रसिद्ध केले. १७८६ मध्ये चर्चच्या न्यायालयात साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना बहिष्कृत करण्यात आले. ज्यू होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली तेव्हा लंडनचे प्रमुख रब्बी डेव्हिड तेवेले शिफ यांनी नकार दिला. या नकारामागची भीती समजण्यासारखी आहे. ज्यूंना नागरिकत्व मिळण्याची वाट खुली करणारा १७५३ चा कायदा लोकक्षोभामुळे त्याच वर्षी रद्द झाला होता. अशा समाजाने दंगलीचे निमित्त ठरलेल्या उमरावाला आपल्यात घेणे म्हणजे संकटाला आमंत्रणच ठरले असते. शेवटी १७८७ मध्ये बर्मिंगहॅम येथील लहानशा ज्यू समाजात त्यांना प्रवेश मिळाला. सुंता झाली आणि यिस्राएल बार अव्राहाम हे नवे नाव त्यांनी धारण केले.

त्याच वर्षी त्यांच्यावर दोन आरोप शाबीत झाले. एक फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या बदनामीचा. दुसरा इंग्लंडच्या न्यायव्यवस्थेच्या निंदेचा. दुसऱ्या आरोपाचा त्यांच्या श्रद्धेशी थेट संबंध होता. चोरीसाठी फाशी देणे आणि कैद्यांना ऑस्ट्रेलियातील बॉटनी बे येथे धाडणे त्यांना ईश्वरी नियमाविरुद्ध वाटत होते, कारण मोशेच्या नियमशास्त्रात सर्वसाधारण चोरीला मृत्युदंड नसून भरपाई सांगितली आहे. शिक्षा होण्यापूर्वी ते हॉलंडला निघून गेले; परतल्यावर बर्मिंगहॅमच्या ज्यू वस्तीत दाढी वाढवून राहिले. डिसेंबर १७८७ मध्ये तेथेच त्यांना अटक झाली. पुढील महिन्यात पाच वर्षांची कैद आणि ५०० पौंड दंड सुनावण्यात आला. ज्या न्यूगेटला त्यांच्या अनुयायांनी आग लावली होती, त्याच न्यूगेटच्या पुन्हा बांधलेल्या इमारतीत ते दाखल झाले.

तेथील त्यांची दिनचर्या हेच त्यांच्या धर्मांतराचे खरे प्रमाण आहे. कोठडीच्या भिंतीवर दहा आज्ञा टांगलेल्या असत. धर्मवचने ठेवलेल्या चामडी पेट्या, म्हणजे तेफिलिन, कपाळाला व दंडाला बांधून ते प्रार्थना करीत. धर्मनियमांनुसार सिद्ध केलेले कोशेर अन्न व मद्यच ते घेत. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष कोठडीत जमवले जात. बिनदाढीच्या ज्यूंना भेटण्याचे ते टाळीत. नवधर्मीयाचा हा कडवेपणा श्रीमंत ज्यूंना खटकला असणारच. एरवी त्यांच्याकडे सर्व थरांतील पाहुण्यांची वर्दळ असे आणि संगीतही चाले. लहर पाच वर्षे असा नेम धरून टिकत नाही.

जानेवारी १७९३ मध्ये मुदत संपली. जामीनाच्या सुनावणीला ते टोपी घालूनच आले. न्यायालयाने ती उतरवायला लावताच त्यांनी कापडाने डोके झाकून घेतले. जामीनदार म्हणून त्यांनी दोन गरीब ज्यू उभे केले. न्यायालयाने ते नाकारले आणि गॉर्डन पुन्हा कोठडीत गेले. त्या शरद ऋतूत न्यूगेटमध्ये ज्वराची साथ पसरली. १ नोव्हेंबर १७९३ रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांना ज्यू दफनभूमीत जागा मिळाली नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड रोडवरील सेंट जेम्सच्या चर्च दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.