चाबूकस्वार विष्णुपंत छत्रे आणि नाव नसलेले मोतद्दार

घोड्यावर बसणाऱ्याचे पुतळे उभे राहतात. घोडा शिकवणाऱ्याचे क्वचितच. म्हणूनच आज आम्ही विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांच्याविषयी लिहीत आहोत.

सांगली जिल्ह्यातील अंकलखोप हे त्यांचे गाव. विष्णुपंतांना ओढ दोनच गोष्टींची होती : गाणे आणि घोडे. त्यापायी ते ग्वाल्हेरला गेले. तिथे त्यांना उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडून गाण्याची आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडून अश्वविद्येची तालीम मिळाली. ब्राह्मण घरातला हा तरुण मुसलमान उस्तादासमोर बसला आणि पागेतही रमला. त्या काळाचा विचार करता ही साधी गोष्ट नव्हती.

1879 च्या सुमारास चियारिनी यांची इटालियन सर्कस मुंबईत आली. असे खेळ हिंदी माणसाला जमणार नाहीत, असा तिच्या मालकाचा सूर होता असे सांगतात. छत्र्यांनी उत्तर कामातून दिले. 20 मार्च 1880 रोजी त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. भारतीय माणसाने उभारलेली ही पहिली आधुनिक सर्कस मानली जाते. त्यांच्या पत्नीही रिंगणात उतरत.

पुढे थलश्शेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकाशी त्यांचा संबंध आला. त्यांनी कलावंत घडवायला घेतले आणि 1901 मध्ये सर्कशीची शाळा काढली. केरळातील सर्कशीची परंपरा तिथून वाढली.

गुरूचे ऋणही छत्रे विसरले नाहीत. हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हलाखीत, व्यसनात भरकटलेले होते. छत्र्यांनी त्यांना सोबत ठेवले, सांभाळले, गाते केले. 1905 मध्ये छत्रे वारले.

त्यांचे मोठेपण आम्ही मान्य करतो. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आम्हाला आणखी एक प्रश्न पडतो. पहाटे खरारा करणारे, चंदी देणारे, लीद उचलणारे मोतद्दार कोण होते? घोडा आधी त्यांच्या हाताला सरावला, मग छत्र्यांच्या इशाऱ्याला. त्यांची नावे मात्र आपल्याला माहीत नाहीत. इटालियन मालकाला आपले कसब दिसले नाही याचा राग येतो, तर आपल्याच पागेतले कसब आपल्याला का दिसू नये?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आजही टांगेवाल्यांची, तबेल्यात राबलेल्यांची घरे असतील. त्या घरांतील आजी-आजोबांना विचारा, नाव-गाव लिहून ठेवा. एक वही पुरेशी आहे.