दिलेल्या शब्दाची वाट

इसवी सनाच्या सातव्या शतकात चीन आणि भारत या देशांमध्ये ये-जा करण्यास दोन मार्ग होते. एक खुष्कीचा, तो वाळवंटे व बर्फाच्छादित पर्वत ओलांडून जाई. दुसरा समुद्राचा, तो सिंहलद्वीप व जावा यांवरून जाई. दोहोंवरही प्राणभय होतेच. फाहियान हा चिनी भिक्षू पूर्वी खुष्कीने भारतात आला व समुद्रमार्गे परतला, तेव्हा त्याचे जहाज दोनदा वादळात सापडले होते.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी ह्युएनत्संग भारतात आला. त्याचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास चीनमधील होनान प्रांतात झाला. तरुणपणीच तो बौद्ध भिक्षू झाला. धर्मग्रंथांच्या चिनी भाषांतरांत त्यास मेळ दिसेना; म्हणून मूळ ग्रंथ भारतात जाऊन अभ्यासावेत, असे त्याने ठरविले. देशाबाहेर जाण्यास राजाज्ञेने बंदी होती. तरीही ६२९ च्या सुमारास तो गुप्तपणे निघाला. वाळवंटात त्याची पखाल हातून निसटली आणि सारे पाणी वाळूत जिरले. त्यानंतर चार रात्री व पाच दिवस त्यास पाण्याचा थेंबही मिळाला नाही.

वाळवंटापलीकडे काओचांगचे राज्य होते. तेथील राजा त्याच्या विद्वत्तेवर इतका लुब्ध झाला, की त्यास पुढे जाऊच देईना. ह्युएनत्संगाने अन्नपाणी वर्ज्य केले. तेव्हा राजा वरमला व त्याने त्यास बंधू मानले. सोने, रेशीम, घोडे, सेवक आणि वाटेवरील राजांना पत्रे असे भरघोस साहाय्य त्याने दिले. मागणे एकच केले : परतताना भेटावे व तीन वर्षे राहावे. ह्युएनत्संगाने तसा शब्द दिला.

भारतात त्याने नालंदा येथे आचार्य शीलभद्रांजवळ अध्ययन केले. पुढे ताम्रलिप्ती बंदरातून जहाजाने सिंहलद्वीपास जाण्याचा त्याचा विचार होता. परंतु दक्षिणेकडील एका भिक्षूने त्यास सांगितले, की समुद्रप्रवास लांबचा व धोक्याचा आहे. खुष्कीने दक्षिणेच्या टोकापर्यंत गेल्यास पुढे थोडेच पाणी ओलांडावे लागेल. तो सल्ला त्याने मानला. मात्र कांचीस पोहोचल्यावर सिंहलद्वीपात दुष्काळ व बंडाळी माजल्याचे कळले, म्हणून त्याने तो बेत सोडला.

तेथून तो महाराष्ट्रात आला. तेव्हा येथे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक साधे, मानी आणि उपकार न विसरणारे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. त्याने वर्णिलेली डोंगरातील लेणी अजिंठ्याची असावीत, असे मानतात. आज चांदूर बाजारहून मोटारीने एका दिवसात अजिंठ्यास पोहोचता येते; त्याचा प्रवास मात्र वर्षानुवर्षे चालला होता.

६४३ मध्ये तो स्वदेशी परतण्यास निघाला. समुद्रमार्ग पत्करल्यास सोबत माणसे देण्याची तयारी सम्राट हर्षवर्धनाने दर्शविली. तो मार्ग धरला असता, तर बर्फाचे घाट पुन्हा चढावे लागले नसते. परंतु त्या वाटेवर काओचांग नव्हते. ह्युएनत्संगाने खुष्कीचाच मार्ग निवडला.

त्या वाटेनेही त्यास सुखाने जाऊ दिले नाही. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे पन्नास हस्तलिखिते प्रवाहात गेली. त्यांच्या नकला मिळविण्यासाठी त्यास थांबावे लागले. पुढे पामीरचे पठार ओलांडले. पण बंधूची भेट नशिबी नव्हती. ६४० मध्येच चिनी सैन्याने काओचांग जिंकले होते आणि तो राजाही मरण पावला होता. शब्द पाळण्यासाठी वाट निवडणाऱ्याला, शब्द घेणारा उरलाच नाही, हे ठाऊक नव्हते.

अखेर ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो चीनच्या राजधानीत पोहोचला. ज्या सम्राटाची आज्ञा त्याने मोडली होती, त्यानेच त्याचा सन्मान केला. उरलेले आयुष्य त्याने त्या ग्रंथांच्या भाषांतरात वेचले. ६६४ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या प्रवासवर्णनामुळे त्या काळचा भारत, आणि त्यात आपला महाराष्ट्रही, आज आपल्याला ओळखता येतो.