लष्कराच्या बँडमध्ये भरती झालेला पोरगा भारताच्या हॉकी टीमची शेवटची भिंत बनला

ऑगस्ट 2024. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीचं ब्राँझ जिंकलं आणि गोलकीपर पी. आर. श्रीजेशने हॉकीला रामराम ठोकला. हॉकी इंडियाने सीनियर टीममधली त्याची 16 नंबरची जर्सीही रिटायर केली. जर्सी बाजूला ठेवता येते, पण गोलपोस्ट रिकामा ठेवता येत नाही. त्यामुळे मेडलचा आनंद ओसरायच्या आत चर्चा सुरू झाली ती पुढच्या माणसाची. कृष्ण पाठक, मुंबईचा सूरज करकेरा अशी नावं पुढे आली.

कुठल्याही टीममध्ये नवा फॉरवर्ड शोधणं तुलनेने सोपं असतं. त्याने केलेले गोल मोजता येतात. डिफेन्समधला माणूस शोधणं अवघड, कारण त्याचं काम दिसतं ते चुकल्यावरच. गोलकीपरच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. दहा जण चुकले तरी तो असतो, तो चुकला की मागे फक्त जाळी असते.

भारतीय हॉकीपुढे हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीही आला होता. तेव्हा त्याचं उत्तर मिळालं महू नावाच्या छावणीच्या गावात. त्या उत्तराचं नाव शंकर लक्ष्मण.

महू म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा जन्म इथलाच. होळकरांच्या इंदूरपासून जवळ असलेल्या याच महूमध्ये 7 जुलै 1933 रोजी शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. शेखावत हे त्यांचं आडनाव, पण हॉकीच्या जगात ते कायम शंकर लक्ष्मण म्हणूनच ओळखले गेले.

आता गंमत अशी की हा पोरगा हॉकीचा नव्हताच. त्याचा खेळ फुटबॉल. महूला लागून असलेल्या कोदरिया गावच्या फुटबॉल टीमचा तो कॅप्टन होता.

1947 साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, तो सैन्यात भरती झाला. वय जेमतेम चौदा. हातात बंदूक आली नाही, त्याला घेतलं होतं लष्करी बँडमध्ये. पुढे त्याची ओळख जोडली गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीशी. हे रेजिमेंट 1768 पासूनचं आणि त्याचं केंद्र आपल्या बेळगावात.

सैन्यात आल्यावर फुटबॉल सुटला आणि हॉकी हातात आली. त्या काळात भारतीय हॉकीला खेळाडू पुरवणाऱ्या मोठ्या जागा म्हणजे रेल्वे, पोलीस आणि सैन्य. आजच्यासारखी अकॅडमी किंवा परदेशी कोच असला प्रकार नव्हता. सर्व्हिसेसच्या टीमकडून चांगला खेळलास की निवड समितीची नजर पडायची. 1955 च्या सुमारास शंकर सर्व्हिसेसकडून खेळायला लागले आणि ती नजर त्यांच्यावर पडली.

तेव्हा भारताचा गोलकीपर होता रंगनाथन फ्रान्सिस. 1948 चं लंडन आणि 1952 चं हेलसिंकी, दोन्ही गोल्ड मेडल जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी टीम निवडली तेव्हा त्याच्यासोबत दुसरा गोलकीपर म्हणून 23 वर्षांच्या शंकर यांना घेण्यात आलं. जुना माणूस जायच्या आधीच नवा तयार ठेवायचा, हे शहाणपण तेव्हाच्या निवडीत दिसतं.

मेलबर्नमध्ये काय झालं, ते आकड्यांतच बघा. सिंगापूर 6-0. अफगाणिस्तान 14-0. अमेरिका 16-0. सेमीफायनलला जर्मनी 1-0. आणि फायनलला समोर पाकिस्तान. ऑलिम्पिकच्या हॉकी फायनलमध्ये हे दोन देश पहिल्यांदाच भिडत होते. फुलबॅक रणधीर सिंग जेंटल यांच्या एका गोलवर भारताने 1-0 ने मॅच मारली. भारताचं हे सलग सहावं गोल्ड.

पूर्ण स्पर्धेत भारताने गोल केले 38 आणि खाल्ले शून्य.

यातलं 38 सगळ्यांना आठवतं, शून्य फारसं कुणाला आठवत नाही. पण शेवटच्या दोन मॅच एकेका गोलने जिंकल्या होत्या. तिथे एक जरी चेंडू आत गेला असता तरी हिशेब बदलला असता.

त्या काळी गोलकीपिंग म्हणजे काय होतं, हेही समजून घ्यायला हवं. आज गोलकीपर हेल्मेट, छातीला गार्ड, फोमचे जाड पॅड असं चिलखत घालून उभा राहतो. तेव्हा पायाला पॅड आणि हातात ग्लोव्हज, बास. डोकं उघडं. चेंडू दीडशे ग्रॅमहून जड आणि दगडासारखा टणक. मैदान गवताचं, त्यामुळे चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नाही. अशा वेळी पेनल्टी कॉर्नरचा फटका अडवायचा तर पॅडपेक्षा नजर आणि धाडसच कामाला यायचं.

1958 च्या टोकियो एशियाडमध्ये एक वेगळाच धडा मिळाला. पाकिस्तानविरुद्धची मॅच 0-0 सुटली. भारताच्या जाळीत चेंडू गेला नाही, तरी गोल सरासरीवर गोल्ड पाकिस्तानला गेलं. डिफेन्सने काम चोख केलं म्हणून मेडल मिळेलच असं नसतं.

मग आला 1960 चा रोम. फायनलला पुन्हा पाकिस्तान. नसीर बुंदाने एक गोल केला आणि भारत 0-1 ने हरला. 1928 पासून चालत आलेली गोल्डची मालिका तुटली. 1962 च्या जकार्ता एशियाडच्या फायनललाही पाकिस्ताननेच 2-0 ने हरवलं.

म्हणजे सलग तीन मोठ्या स्पर्धांत गोल्ड हुकलं, तेही एकाच टीममुळे.

त्यामुळे 1964 चं टोकियो ऑलिम्पिक ही नुसती स्पर्धा राहिली नव्हती. चरणजित सिंग कॅप्टन, डिफेन्सला पृथीपाल सिंग, धरम सिंग, गुरबक्ष सिंग आणि सगळ्यांच्या मागे शंकर लक्ष्मण. 23 ऑक्टोबरला फायनल झाली. समोर पुन्हा तेच. मोहिंदर लालने पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला आणि भारत 1-0 ने पुढे गेला.

त्यानंतर पाकिस्तानने अक्षरशः हल्ला चढवला. पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर मिळत गेले, पण शंकर यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका हॉकी मासिकाने तर लिहिलं की त्या दिवशी त्यांना हॉकीचा चेंडू फुटबॉलएवढा दिसत असावा. कोदरियाच्या फुटबॉल कॅप्टनसाठी याहून मोठं कौतुक काय असणार! गोल्ड भारतात परत आलं. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

1966 च्या बँकॉक एशियाडला तर भारताचा कॅप्टनच शंकर लक्ष्मण होते. गोलकीपरने आंतरराष्ट्रीय हॉकी टीमचं नेतृत्व करण्याची ती पहिली वेळ मानली जाते. फायनलला पाकिस्तानला जादा वेळेत 1-0 ने हरवून भारताने एशियाड हॉकीचं पहिलं गोल्ड जिंकलं. 1967 ला त्यांना पद्मश्री मिळाली.

इथपर्यंत सगळं चढतं होतं.

1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकची टीम जाहीर झाली, त्यात शंकर यांचं नाव नव्हतं. वय 35. निवड समितीला नवा माणूस हवा असणार, जसा 1956 मध्ये हवा होता. फरक इतकाच की तेव्हा जुना आणि नवा बरोबर गेले होते. मेक्सिकोला पृथीपाल आणि गुरबक्ष असे दोन-दोन कॅप्टन गेले. भारताला ब्राँझवर समाधान मानावं लागलं. 1928 पासून पहिल्यांदाच भारत ऑलिम्पिकच्या हॉकी फायनलमध्ये नव्हता. एकट्या गोलकीपरमुळे हे झालं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पण शंकर लक्ष्मण यांनी मात्र हॉकी थांबवली.

ते सैन्यात राहिले. बँडमधून सुरुवात केलेला हा माणूस 1979 साली मराठा लाइट इन्फंट्रीचा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला आणि महूला परतला.

शेवटची वर्षं कठीण गेली. पायाला गँगरीन झालं. डॉक्टरांनी पाय कापायचा सल्ला दिला. ज्या पायांनी पाकिस्तानचे फटके अडवले, त्यातलाच हा एक. त्यांनी इतर उपचार करून पाहिले, पैशांचीही ओढाताण होती. 29 एप्रिल 2006 रोजी महूमध्येच त्यांचं निधन झालं. वय होतं 72.

तीन ऑलिम्पिक, तीन फायनल, दोन गोल्ड, एक सिल्व्हर. आणि या तीन फायनलमध्ये मिळून भारताने खाल्लेला गोल फक्त एक.

2021 ला टोकियोतच जर्मनीचा शेवटच्या सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला आणि गोलपोस्टवर चढून बसला, तो फोटो देशभर फिरला. त्याच शहरात 57 वर्षांपूर्वी असंच काम करून गेलेल्या माणसाचा असा फोटो आपल्याकडे कुणाच्या मोबाईलमध्ये नाही. आता भारताच्या गोलपोस्टमध्ये जो कुणी उभा राहील, त्याची तुलना श्रीजेशशी होणार हे नक्की. पण त्या जागेचं माप त्याच्याही कितीतरी आधी महूच्या एका बँडवाल्याने ठरवून ठेवलं आहे.