मोल्सहाइमचा कारागीर आणि त्याचे आकडे

जुन्या वाड्याचे खांब बदलले, कौले नवी आली, दिवाणखान्यात फरशी बसली. मग तो आजोबांचाच वाडा राहिला काय? आपल्यातील पुष्कळ घरांत हा प्रश्न केव्हा ना केव्हा निघालेला असतो आणि उत्तरासाठी अखेर कागदपत्रांची पेटी उघडावी लागते. युरोपात हाच प्रश्न एका मोटारीसंबंधी कित्येक वर्षे चालला आहे. ती मोटार बुगात्ती. तिच्या कर्त्याचे चरित्र पाहिल्यावाचून त्या प्रश्नाचे मर्म ध्यानात येत नाही.

एत्तोरे बुगात्ती १५ सप्टेंबर १८८१ रोजी इटलीतील मिलान शहरी जन्मला. वडील कार्लो हे लाकडी सामान आणि दागिने यांच्या अभिनव घडणीबद्दल नाव मिळवलेले कलावंत. धाकटा भाऊ रेंब्रांट पुढे प्राण्यांच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध झाला. अशा घरातला हा मुलगा मात्र यंत्रांकडे वळला. १९०१ साली मिलानच्या प्रदर्शनात त्याच्या मोटारीला पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी आल्सेसमधील द डिट्रिश या कारखान्याने त्यास करारावर घेतले. तो अद्याप अज्ञान असल्यामुळे करारावर वडिलांना सही करावी लागली!

पुढे स्ट्रासबूर्ग आणि कोलोन येथे नोकऱ्या झाल्या. कोलोनला असताना त्याने घराच्या तळघरात स्वतःसाठी एक चिमुकली, हलकी गाडी तयार केली. १९०९ च्या अखेरीस नोकरी सोडून तो आल्सेसमधील मोल्सहाइम या गावी आला आणि रंगकामाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्याने आपले दुकान मांडले. तेव्हा आल्सेस जर्मनीत होते, पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेले. एत्तोरे मात्र कागदोपत्री इटालियनच राहिला. या गोष्टीची किंमत त्याला उतारवयात मोजावी लागणार होती.

३ ऑगस्ट १९२४ रोजी लियाँच्या शर्यतीत त्याची टाइप ३५ ही गाडी प्रथम उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. पण घोड्याच्या नालेसारखा रेडिएटर, ॲल्युमिनियमची ओतीव चाके, पोकळ पुढचा अ‍ॅक्सल आणि आठ सिलिंडरांचे १९९१ सी. सी. चे इंजिन, असे हे रूप लोकांच्या मनात ठसले ते कायमचे. १९२५ ते १९२९ या पाच वर्षांत सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही खडतर शर्यत बुगात्तीने ओळीने जिंकली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टाइप ३५ म्हणजे एकच गाडी नव्हे. ३५ सी मध्ये इंजिनात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर होता. ३५ टी मध्ये तो नव्हता, पण इंजिन २२६२ सी. सी. चे होते, ३५ बी मध्ये मोठे इंजिन आणि सुपरचार्जर दोन्ही होते. ३५ ए ही गरीब बहीण. तिचा क्रँक पाचाऐवजी तीनच बेअरिंगांवर फिरे आणि चाके तारांची असत. बाहेरून मात्र चौघी सारख्याच. साहजिकच पुढे कित्येक ३५ ए गाड्यांना ओतीव चाके आली, सुपरचार्जर आला आणि धाकटी बहीण थोरलीच्या नावाने मिरवू लागली.

यासाठी जाणकार माणूस गाडीच्या रंगाकडे पाहत नाही. तो आधी आकडे वाचतो. मोल्सहाइमला सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल या प्रत्येकावर क्रमांक ठोकीत. मागच्या अ‍ॅक्सलवर तर दातेरी चाकांच्या दातांची संख्याही असे. हे क्रमांक एकमेकांशी आणि कारखान्याच्या उरलेल्या नोंदवह्यांशी जुळले की गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कशी होती ते कळते. नुसत्या पाटीवर विसंबून चालत नाही. पाटी एका गाडीवरून काढून दुसरीवर ठोकता येते. आज तर या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग नव्याने घडवून मिळतो.

गंमत अशी, की खुद्द कारखान्यालाही गाडी जशीच्या तशी ठेवण्याची आवड नव्हती. थोरला मुलगा ज्याँ याच्या देखरेखीखाली १९३४ पासून टाइप ५७ निघाली. तिचा बुटका, वेगवान अवतार ५७ एस. सुपरचार्जर असलेल्या ५७ एस सी या गाड्या आज अनेक दिसतात. पण कारखान्यातून नव्या निघाल्या त्या अवघ्या दोन. बाकीच्यांना सुपरचार्जर मागाहून बसवला गेला, बहुधा मालकाच्या हौसेखातर आणि मोल्सहाइमच्याच कारागिरांकडून. त्यांना खोट्या कसे म्हणावे? पण मूळच्याच तशा होत्या, असेही म्हणता येत नाही. गाडीत काय बदलले, यापेक्षा ते लपवले की सांगितले, यालाच खरे महत्त्व आहे.

उतारवयात दैवाने एत्तोरेचे एकेक हिरावून नेले. १९३६ च्या संपाने दुखावून तो पॅरिसला राहू लागला. ११ ऑगस्ट १९३९ रोजी, त्याच वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेल्या गाडीची चाचणी घेताना, रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवताना ज्याँ अपघातात गेला. तो अवघा तीस वर्षांचा होता. महायुद्धात कारखाना जर्मनांनी बळकावला. युद्ध संपल्यावर मालक इटालियन, म्हणून फ्रेंच सरकारने तो शत्रूची मालमत्ता ठरवून जप्त केला. १९४७ साली न्यायालयाने कारखाना परत दिला खरा. पण त्याच वर्षी २१ ऑगस्टला एत्तोरेने देह ठेवला. मोल्सहाइमजवळ डोर्लिसहाइम येथे तो विसावला आहे.

५७ एस च्या सांगाड्यावर ज्याँने ॲटलांटिक नावाच्या चार गाड्या घडवल्या. त्यांतली काळी गाडी त्याने स्वतःकडे ठेवली होती. युद्धाच्या धामधुमीत ती नाहीशी झाली, ती आजवर सापडलेली नाही. तिचा क्रमांक ५७४५३ मात्र नोंदीत आहे. उद्या कोणी तिच्यासारखी हुबेहूब गाडी आणून उभी केली, तर जाणकार तिची कांती पाहणार नाहीत. वाकून आकडे वाचतील. मुलगा गेला, कारखाना गेला, तरी बापलेकांची सही त्या धातूवर राहिली आहे. ती खोटी करणे म्हणजे मेलेल्या माणसाच्या हाताने सही करणे होय.