कर्करुग्णांच्या कैवारी : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

कर्करोग हा शब्द आपल्या घरांतून आजही मोठ्याने उच्चारला जात नाही. मागच्या पिढीत तर त्याला नावच नसे. अमक्यांना ते दुखणे झाले आहे, एवढे म्हटले की ऐकणारा समजून जाई आणि विषय तेथेच थांबे. ज्या काळात डॉक्टरमंडळीही या रोग्याकडे पाहून मान हलवीत, त्या काळात मद्रास शहरी एका विदुषीने या रोग्यांची बाजू हयातभर लावून धरली. त्या विदुषी म्हणजे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. देशातील पहिल्या महिला विधिमंडळ सदस्या आणि देवदासी प्रथेविरुद्ध झगडणाऱ्या सुधारक म्हणून त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. मात्र कर्करुग्णांसाठी त्यांनी जे केले, त्याची माहिती दक्षिणेबाहेर, विशेषतः आपणा मराठी मंडळींत, फारशी आढळत नाही.

त्यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुक्कोट्टै या छोट्या संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य, जातीने ब्राह्मण. आई चंद्रम्माळ या देवदासी समाजातील. या विवाहाची किंमत वडिलांना स्वकीयांच्या बहिष्काराच्या रूपाने द्यावी लागली. समाज एखाद्याला उंबरठ्याबाहेर ठेवतो म्हणजे नेमके काय करतो, हे मुथुलक्ष्मींना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

मुलगी हुशार निघाली, पण महाविद्यालय मुलांचे. तिला प्रवेश दिल्यास आम्ही आपली मुले काढून घेऊ, अशी पालकांची भाषा सुरू झाली. अखेर महाराज मार्तंड भैरव तोंडैमान यांनी विरोध बाजूस सारून तिला प्रवेश देवविला. पुढे १९०७ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेथे शस्त्रक्रियेचे एक गोरे प्राध्यापक आपल्या वर्गात मुलींना बसू देत नसत. मुथुलक्ष्मींचा परीक्षेतील निकाल पाहून त्यांनी हा नियम मागे घेतला. १९१२ मध्ये सन्मानपूर्वक पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या आणि मद्रासच्या स्त्रिया व मुलांच्या सरकारी रुग्णालयात पहिल्या महिला हाऊस सर्जन झाल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आपल्याला बरोबरीने वागवावे आणि आपल्या कामात आडकाठी करू नये, ही अट त्यांनी विवाहापूर्वीच घातली होती, आणि सुंदर रेड्डी यांनी ती पाळली. त्या काळच्या पुरुषांत हा गुण दुर्मिळ होता, म्हणून त्याची येथे नोंद करणे उचित वाटते.

डॉक्टरी उत्तम चालली असताना घरात एक घटना घडली. त्यांच्या धाकट्या बहिणीस पोटाचा त्रास सुरू झाला. आव म्हणून उपचार झाले. रोग गुदाशयाचा कर्क असल्याचे ध्यानात आले तेव्हा वेळ निघून गेली होती. १९२०च्या दशकाच्या आरंभी ती बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. घरात स्वतः डॉक्टर, पतीही डॉक्टर, शहरातील नामांकित वैद्यक मंडळी परिचयाची. तरीही निदान वेळेवर झाले नाही आणि झाल्यावर करण्यासारखे काही उरले नाही. ज्यांच्या घरी डॉक्टर नाही, गाठीला पैसा नाही, त्यांची काय अवस्था होत असेल, हा प्रश्न त्यानंतर मुथुलक्ष्मींच्या मनातून गेला नाही. ज्या बाईने सासर-माहेरच्या कोणाला कळू नये म्हणून छातीतली गाठ पदराआड दडवली, ती बाई दवाखान्यात येते तेव्हा कोणत्या थराला पोहोचलेली असते, हे त्या रोज पाहत होत्या.

१९२५ मध्ये स्त्रिया व मुले यांच्या विकारांचा विशेष अभ्यास करण्यासाठी त्या सहकुटुंब इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये केवळ कर्करोग्यांसाठी चालणारे एक रुग्णालय होते. विल्यम मार्सडेन नावाच्या शल्यवैद्याने १८५१ मध्ये ते स्थापले होते, आणि त्याचीही पत्नी याच रोगाने दगावली होती. तेथील उपचार मुथुलक्ष्मींनी अभ्यासिले. रोग लवकर ओळखला तर शस्त्रक्रियेने आणि रेडियमच्या किरणांनी माणूस वाचू शकतो, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. स्वदेशी परतताना अशी संस्था आपल्याकडेही हवी, हा विचार त्यांनी बरोबर आणला.

परंतु परतल्यावर त्यांच्यापुढे दुसरेच काम येऊन उभे राहिले. विमेन्स इंडियन असोसिएशन या संघटनेच्या आग्रहावरून मद्रास विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली आणि १९२७ मध्ये सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले. मुलींना देवाला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी तेथे ठराव आणला. सत्यमूर्तींसारख्या वजनदार राष्ट्रीय नेत्यानेही धर्म आणि कला यांच्या नावाने त्यास विरोध केला. त्या ज्या समाजाबद्दल बोलत होत्या तो त्यांच्या आईचा समाज होता, हे सभागृहातील पुष्कळांना ठाऊक असणार. १९२९ मध्ये देवस्थानविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन देवदासींच्या इनाम जमिनी देवळाच्या सेवेच्या बंधनातून मोकळ्या करण्याची तरतूद झाली. आपल्या मुंबई इलाख्यातही १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. मद्रासेत मात्र संपूर्ण बंदीसाठी १९४७ साल उजाडावे लागले. मिठाच्या सत्याग्रहात १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली तेव्हा निषेध म्हणून मुथुलक्ष्मींनी परिषदेचा राजीनामा दिला. त्याच सुमारास देवदासी समाजातील काही मुली आश्रयासाठी त्यांच्या दारी आल्या. शहरातील वसतिगृहे जात विचारून दार लावून घेत होती. मुथुलक्ष्मींनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि त्यातूनच अव्वै होम ही संस्था जन्मास आली.

हे सारे येथे सांगण्याचे कारण आहे. काही चरित्रकार त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पाडतात : आधी समाजसुधारणा, मग वैद्यकीय कार्य. मला ही विभागणी पटत नाही. देवाला वाहिलेली मुलगी आणि कर्काने ग्रासलेला रोगी, दोघांविषयी समाजाची भावना एकच होती. हे यांचे प्राक्तन आहे, यावर इलाज नाही, आणि सभ्य माणसांनी याची वाच्यता करू नये. मुथुलक्ष्मींचा झगडा याच समजुतीशी होता.

१९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दीप्रसंगी बोलताना त्यांनी कर्करोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचा आपला मनोदय जाहीर केला. जमलेल्या नामवंत डॉक्टरांपैकी बहुतेकांना ती एका भाबड्या बाईची हौस वाटली. त्या वेळी मद्रासेत काहीच नव्हते असे मात्र नाही. सरकारी जनरल रुग्णालयात १९३४ मध्ये बर्नार्ड यांच्या नावाची क्ष-किरण संस्था सुरू झाली होती. तथापि निदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार, संशोधन आणि बरे झालेल्या रोग्याची वर्षानुवर्षे विचारपूस, हे सर्व एका छपराखाली असल्याखेरीज हा रोग आटोक्यात येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईला हे भाग्य लवकर लाभले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्काने निवर्तल्या. सर दोराबजींच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. लंडनचे मार्सडेन, मुंबईचे टाटा आणि मद्रासच्या मुथुलक्ष्मी, तिघांच्या कार्यामागे घरातला मृत्यू आहे. फरक एवढाच की टाटांपाशी संपत्ती होती. मुथुलक्ष्मींपाशी महिलांची एक संघटना आणि अर्ज लिहिण्याची अपार चिकाटी, याखेरीज काही नव्हते.

सरकारदरबारी त्यांचे अर्ज वर्षानुवर्षे फिरत राहिले. या रोगाची माणसे नाहीतरी मरणारच, त्यांच्यासाठी वेगळे रुग्णालय कशाला, अशा आशयाचे उत्तर त्यांना एका मंत्रिमहोदयांकडून मिळाल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. हे उत्तर आज क्रूर वाटते. परंतु ज्याने आयुष्य सरकारी नस्त्या चाळण्यात घालविले आहे, त्याला त्यामागचा हिशेबही दिसतो. हिवताप, देवी, पटकी आणि क्षय यांनी लाखो माणसे मरत होती. थोड्या पैशांत ज्यांना वाचविता येईल त्यांना आधी वाचवावे, हे तत्त्व कागदावर निर्दोष आहे. त्यात एकच गोष्ट सुटते. ज्याच्यावर उपचारच होत नाहीत तो मरणारच, आणि तो मेला की तोच आकडा पुढच्या नस्तीवर उपचार व्यर्थ असल्याचा पुरावा म्हणून येतो. हे चक्र कोणीतरी बाहेरून तोडावे लागते.

ते त्यांनी तोडले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. स्वातंत्र्यानंतर विमेन्स इंडियन असोसिएशनच्या वतीने कर्करोग साहाय्य निधी सुरू झाला आणि या भगिनींनी लोकांपुढे हात पसरला. मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती हे परदेशी कर्कशल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन आले होते. मोठ्या वेतनाची वाट सोडून ते आईच्या, अजून अस्तित्वात नसलेल्या रुग्णालयाच्या मागे उभे राहिले. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झाले. खाटा अवघ्या बारा. त्या बारा खाटांना रुग्णालय म्हणावे की नाही, याविषयी मद्रासच्या वैद्यकवर्तुळात थट्टा चाले.

पुढच्याच वर्षी डॉ. व्ही. शांता नावाची एक तरुण डॉक्टर तेथे रुजू झाली. लोकसेवा आयोगामार्फत स्त्रिया व मुलांच्या सरकारी रुग्णालयात तिची निवड झालेली होती. पक्की सरकारी नोकरी सोडून बारा खाटांच्या संस्थेत जाणाऱ्या या मुलीबद्दल तिच्या हितचिंतकांना काय वाटले असेल, याची कल्पना नोकरदार वाचकांना सहज करता येईल. पहिली तीन वर्षे तिने मानद काम केले. त्यानंतर दरमहा दोनशे रुपये आणि आवारात राहण्यास जागा, एवढे संस्थेने देऊ केले.

१९५७ मध्ये संस्थेत कोबाल्ट-६० हे किरणोपचाराचे यंत्र बसले. शरीराच्या खोल भागातील गाठीपर्यंत पोहोचणारे आणि वरच्या त्वचेला कमी इजा करणारे हे किरण त्या वेळी पाश्चात्त्य देशांतही नवेच होते. श्रीमंत संस्थांच्या आधी ते या लोकवर्गणीच्या रुग्णालयात आले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. गरिबासाठी आहे म्हणून कामचलाऊ चालेल, ही वृत्ती मुथुलक्ष्मींना मान्य नव्हती. पैसे नाहीत म्हणून रोग्याला परत पाठवायचे नाही आणि ज्याला उपचार फुकट मिळतात त्याचे उपचार पैसे देणाऱ्याहून वेगळे असायचे नाहीत, ही दोन सूत्रे त्यांनी घालून दिली. १९६० मध्ये कर्कग्रस्त मुलांसाठी तेथे स्वतंत्र कक्ष निघाला.

याच वर्षांत देशात इतरत्रही हालचाल सुरू झाली होती. कलकत्त्यास चित्तरंजन कर्करोग रुग्णालय १९५० मध्ये सुरू झाले. मुंबईत डॉ. जसावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापून लोकशिक्षण आणि रोग्यांना मदत यांचे काम हाती घेतले. आज कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेभाड्यात सवलत मिळते, अनेक शहरांत बरे झालेले रोगी नव्या रोग्यांना धीर देण्यास जातात, परगावच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा असतात. या गोष्टी आपल्याला स्वाभाविक वाटतात. रोग्याने आपले दुखणे लपवू नये आणि समाजाने त्याचा भार उचलावा, हे म्हणणे १९३५ मध्ये किती एकाकी होते, हे त्यामुळे ध्यानात येत नाही.

मुथुलक्ष्मींना १९५६ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला. तोवर त्या सत्तरीच्या घरात होत्या. राज्याच्या समाजकल्याण मंडळाचे काम, अव्वै होम आणि रुग्णालयासाठी वर्गणी, हे चालूच होते. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. २०१९ पासून तामिळनाडू सरकार त्यांचा जन्मदिवस रुग्णालय दिन म्हणून पाळते.

आईमागे डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. शांता या जोडीने अड्यारची संस्था वाढविली. बारा खाटांच्या काही शे खाटा झाल्या, संशोधन विभाग आणि कर्कशास्त्राचे पदव्युत्तर महाविद्यालय आले. कृष्णमूर्ती २०१० मध्ये निवर्तले. शांताबाईंना २००५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९ जानेवारी २०२१ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले, तोवर त्यांचे बिऱ्हाड रुग्णालयाच्या आवारातच होते.