पगार थांबला, नोंदी थांबल्या नाहीत

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० चा. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम सोपवले. अहमदनगर, पुणे, खानदेश, धारवाड पालथे घालताना त्यांनी लोकसंख्या, पिके, हवामान यांच्याबरोबर प्राणीही नोंदवले. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून धुक्यात दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचे वर्णनही करून ठेवले.

१८२९ मध्ये ते पदच रद्द झाले. साइक्स यांनी मात्र बिनपगारी राबून १८३१ मध्ये काम पुरे केले. त्याच वर्षी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी सह्याद्रीतल्या मोठ्या खारीला एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. तेच आपले शेकरू, आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीवरून फांदीवर जाते. मधली झाडे तुटली की त्याची वाटच तुटते. पूर्वी कुठे काय होते हे लिहिलेले असेल, तरच काय गमावले ते कळते. साइक्स १८७२ मध्ये वारले. त्यांच्या नोंदी त्यासाठी आजही उपयोगी पडतात.