तंजावरचा अमरसिंह : एका अप्रिय राजवटीचे चरित्र

तंजावरच्या भोसले घराण्याचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम येतो तो विद्याव्यासंगी सरफोजी आणि त्याचे सरस्वतीमहाल ग्रंथालय. त्यामागून मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभाशी ज्याचे नाव जोडले गेले तो शहाजी आठवतो आणि घराण्याचा मूळ पुरुष व्यंकोजीही आठवतो. तुळजाजी आणि सरफोजी यांच्या मध्ये इ. स. १७८७ ते १७९८ अशी अकरा वर्षे ज्याने राज्य केले त्या अमरसिंहाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्यही निंदेचे असते. त्याची राजवट लोकांना नकोशी झाली होती ही गोष्ट खरी आहे. पण ती कशामुळे नकोशी झाली, लोकांनी आपला असंतोष कोणत्या रीतीने प्रकट केला आणि त्या असंतोषाचे फळ शेवटी कोणाच्या पदरात पडले, हे पाहिल्याखेरीज त्याच्या चरित्राचा अर्थ लागत नाही.

अमरसिंह हा प्रतापसिंहाचा पुत्र आणि तुळजाजीचा सावत्र भाऊ. त्याच्या मातेचे अंतःपुरातील स्थान विवाहित राणीचे नव्हते, असा आक्षेप पुढे त्याच्याविरुद्ध घेण्यात आला. वस्तुतः असा आक्षेप या घराण्याला नवा नव्हता. प्रतापसिंहाच्या जन्माविषयीही त्याचे विरोधक हेच बोलत असत, तरी तो १७३९ पासून १७६३ पर्यंत राज्य करून गेला. राजा बलवान असला म्हणजे त्याच्या कुळाची चौकशी होत नाही, आणि तो दुर्बल झाला की तीच चौकशी प्रथम होते. अमरसिंहाच्या वाट्यास दुर्बळ काळ आला, हे त्याचे पहिले दुर्दैव.

हे दौर्बल्य एका दिवसात आलेले नव्हते. कावेरीच्या मुखाजवळचा हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे शेजाऱ्यांची दृष्टी त्यावर सदैव असे. अर्काटचा नवाब महंमद अली याचे खंडणीचे मागणे थकत गेले आणि त्याच्यामागे मद्रासची इंग्रज कंपनी उभी राहिली. १७७३ मध्ये तुळजाजीस कैद करून नवाबाने राज्य गिळंकृत केले. पुढे विलायतेतील संचालकांच्या आज्ञेने गव्हर्नर लॉर्ड पिगट याने १७७६ मध्ये ते तुळजाजीस परत दिले, आणि त्याच वर्षी मद्रासच्या कौन्सिलातील प्रतिपक्षाने पिगटलाच अटकेत टाकले. दुसऱ्या वर्षी तो अटकेतच मरण पावला. तंजावरच्या महसुलात कंपनीच्या अधिकाऱ्यांचे आणि नवाबाच्या सावकारांचे हितसंबंध किती खोल रुतले होते, हे या एका प्रकरणावरून कळते. राज्य परत मिळाले खरे, परंतु किल्ल्यात कंपनीची फौज आली आणि तिच्या खर्चाचा बोजा राज्यावर बसला.

त्यानंतर पाच वर्षांनी, १७८१ मध्ये, हैदर अलीच्या फौजांनी हा मुलूख उद्ध्वस्त केला. गुरे हाकून नेली, मुले पळविली, कालवे फोडले, आणि मागून दुष्काळ आला. अशा बेचिराख प्रदेशातून पूर्वीइतका पैसा उभा करण्याचे काम तुळजाजीच्या दरबारात बाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरखेलाकडे आले. तंजावरच्या परिभाषेत सरखेल म्हणजे मुख्य कारभारी. गावांचे गट करून एकेका गटाचा वसूल एकेका पट्टकदाराकडे सोपविण्याची पद्धत याच काळात रुजली. पट्टकदार म्हणजे गावे आणि दरबार यांच्यामधला मातब्बर मध्यस्थ. कोणाकडे एखादेच गाव असे, कोणाकडे शंभराहून अधिक. सरकारला एका जागी पैसा मिळे. रयतेला मात्र दाद मागण्याची जागा उरत नसे, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तोच तिचा पहिला श्रोता असे.

त्या काळी रयतेपाशी राज्यकर्त्यास नापसंती कळविण्याचे एकच परिणामकारक साधन होते. ते म्हणजे नांगर ठेवून गाव सोडणे. मराठी दप्तरांत रयत परागंदा झाल्याचे आणि कौल देऊन तिला परत आणल्याचे उल्लेख सर्वत्र आढळतात. तंजावरातही तेच घडले. जुलमास कंटाळून कुणबी निघून गेले आणि शेते पडीक राहिली. राजाने अभयवचन दिले, तरी त्यावर कोणाचा विश्वास बसेना. अखेर ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यास जामीन राहण्यास सांगण्यात आले, तेव्हा सुमारे सात हजार माणसे परतली, असे त्याच्या पत्रव्यवहारावरून कळते. हा जर्मन पाद्री तमिळप्रमाणेच मराठीही शिकला होता आणि दरबारात त्याचे वजन होते. पण या प्रसंगात त्याच्या थोरवीपेक्षाही अधिक बोलकी आहे ती राजवटीची दशा. राजाचा कौल चालत नाही आणि परक्याचा चालतो, अशी वेळ आली की सिंहासन रिकामे झाल्यासारखेच असते. अमरसिंह गादीवर येण्यापूर्वीच ही वेळ आली होती, ही गोष्ट त्याचा न्याय करताना विसरता येत नाही.

१७८७ च्या आरंभी तुळजाजी मरण पावला. त्याची स्वतःची अपत्ये जगली नव्हती. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याने भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेतील दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला होता. हाच पुढील सरफोजी. मुलाचे पालकत्व श्वार्ट्झने स्वीकारावे अशी तुळजाजीची इच्छा होती. त्याने ते एकट्याने पत्करण्याचे नाकारले आणि मुलगा वयात येईपर्यंत अमरसिंहाने कारभार पाहावा असे सुचविले. म्हणजे ज्या अमरसिंहाला पुढे अपहारक ठरविण्यात आले, त्याचे नाव प्रथम पुढे केले ते त्याच्या भावी प्रतिपक्षानेच.

परंतु अमरसिंहास पालकत्व नको होते, राज्य हवे होते. त्याने दत्तकविधानालाच हरकत घेतली. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्बेल याने तंजावरच्या पंडितांचा अभिप्राय मागविला. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक, त्याचे वय दत्तकासाठी अधिक, आणि दत्तक घेतेवेळी तुळजाजीची मनःस्थिती ठिकाणावर नव्हती, या कारणांवरून पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरविले. एकुलता एक पुत्र देऊ वा घेऊ नये हे वसिष्ठवचन धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. ते वचन आज्ञारूप मानावयाचे की केवळ उपदेशपर, हा निबंधकारांमधील जुना वाद. त्या वादाचा निकाल कंपनीच्या सोयीने लागला आणि अमरसिंह राजा झाला. त्याच वर्षी त्याच्याशी करार होऊन फौजेच्या खर्चाची आणि नवाबाच्या जुन्या मागण्यांची बाकी त्याने मान्य केली. राज्याभिषेकाची ही किंमत अखेर शेतातूनच वसूल व्हावयाची होती.

या वसुलासाठी अमरसिंहाने ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो सरखेल शिवराव. त्याच्या कारभाराविषयी तत्कालीन वृत्तांतांचा सूर एकच आहे. पट्टकदारांचे प्राबल्य वाढले, न्याय विकत मिळू लागला, वसुलीत मारहाण आणि कैद नित्याची झाली. न्यायदानाची पद्धत सुधारावी म्हणून श्वार्ट्झने एक लेखी योजनाही मांडली, परंतु दरबाराची नड पैशाची होती, न्यायाची नव्हती. लोकांचा राग सरखेलावर असला तरी त्याचा धनी राजाच होता. वाईट कारभाऱ्याला पाठीशी घालणारा राजा त्याच्या प्रत्येक अपराधाचा वाटेकरी होतो. अमरसिंह स्वतः क्रूर होता की केवळ परतंत्र होता, हा भेद ज्याचे धान्य उचलून नेले जाई त्या मिरासदाराच्या दृष्टीने व्यर्थ होता.

१७९० मध्ये टिपूशी युद्ध सुरू झाल्यावर कंपनीने तंजावरचा महसुली कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि युद्ध संपल्यावर १७९२ मध्ये तो राजास परत केला. या दोन वर्षांनी दोन गोष्टी सिद्ध झाल्या. कंपनीला आपण हा मुलूख सांभाळू शकतो याची खात्री पटली, आणि राजाची सत्ता उधारीची आहे हे प्रजेने पाहिले. ज्याचा अधिकार दुसऱ्याच्या मर्जीने येतो आणि जातो, त्याच्याकडे गाऱ्हाणे नेण्यात अर्थ नाही, हे लोकांना निराळे सांगावे लागत नाही.

अमरसिंहाचा दुसरा मोठा अपराध घरातला होता. बाल सरफोजीस त्याने कोंडून ठेवले, त्याच्या शिक्षणाची हेळसांड केली, आणि तुळजाजीच्या विधवा राण्यांनाही जाच सोसावा लागला. श्वार्ट्झने मद्रासकडे तक्रारी केल्या. मुलाच्या रक्षणासाठी कंपनीचे शिपाई ठेवावे लागले. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि राण्या मद्रासला नेण्यात आल्या. स्वतःच्या दृष्टीने पाहिले तरी अमरसिंहाची ही घोडचूक होती. तंजावरच्या वाड्यात जो केवळ एक निराधार पोर होता, तो मद्रासेत पोहोचताच राज्याचा हक्कदार झाला.

तेथून दत्तकाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कॉर्नवॉलिसच्या काळात फेरचौकशी सुरू झाली. बंगाल आणि काशी येथील पंडितांनी दत्तक सशास्त्र असल्याचा अभिप्राय दिला, आणि पहिल्या निर्णयामागे दडपण व द्रव्य होते असा आरोप पुढे आला. दरम्यान १७९६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड होबार्ट याने थकबाकीचे निमित्त करून अमरसिंहाकडून मुलुखाचा ताबा लिहून घेतला. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यास ती जबरदस्ती मान्य झाली नाही आणि करार सोडून द्यावा लागला. हे यश अल्पायुषी ठरले. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमरसिंहास पदच्युत करून सरफोजीस गादीवर बसविण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमरसिंह गादीवर आला तो दत्तकशास्त्राच्या एका अर्थामुळे, आणि गेला तो त्याच शास्त्राच्या दुसऱ्या अर्थामुळे. अकरा वर्षे ज्यांनी जुलूम सोसला त्यांच्या साक्षीवर त्याला कोणी दोषी ठरविले नाही. लोकांची नाराजी मद्रासच्या कागदांत नमूद होत राहिली. तिने त्याचा पक्ष पोखरला, त्याच्या बाजूने बोलणारा कोणी उरू दिला नाही. पण निकालपत्रात तिला स्थान मिळाले नाही. पुढे काय व्हावे हेही रयतेस कोणी विचारले नाही. १७९९ च्या ऑक्टोबरातील तहाने सरफोजीने किल्ल्याबाहेरचा सर्व कारभार कंपनीस दिला. त्याला वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पंचमांश मिळावयाचा होता, अमरसिंहाला पंचवीस हजार होनांचे वर्षासन. पट्टकदार गेले, आणि त्यांच्या जागी कलेक्टर आला. लोकांना नकोसा राजा गेला तो राज्यासकट.

अमरसिंहाने उरलेले दिवस कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर येथे काढले. संस्कृत परंपरेत या क्षेत्रास मध्यार्जुन म्हणतात. तेथील महालिंगस्वामींच्या मंदिराच्या सावलीत त्याचा लहानसा दरबार भरे. ज्या माणसाने राज्य गमावले त्याच्या या दरबाराने संगीतात मात्र नाव राखले. घनम् कृष्ण अय्यर हा थोर गायक तेथे होता. अमरसिंहाच्या पुत्राच्या, प्रतापसिंहाच्या, आश्रयाने नंदनार चरित्राचा कर्ता गोपाळकृष्ण भारती याने तेथेच रामदास नामक गायकाकडून हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले, असे तमिळ परंपरा सांगते. अमरसिंह १८०२ मध्ये वारला.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८०३ मध्ये, सरफोजीच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस याने सिद्ध केलेले भोसलवंशचरित्र तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरले गेले. मराठी भाषेतील हा प्रचंड शिलालेख कुळाचा इतिहास म्हणून अमोल आहे. परंतु तो विजयी पक्षाने कोरविलेला आहे, हे अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये. अमरसिंहाविरुद्धची उर्वरित साक्ष मिशनरी आणि कंपनीचे अधिकारी यांची आहे. तीही निरपेक्ष नाही, कारण राजवट जितकी वाईट ठरेल तितका कंपनीचा हस्तक्षेप न्याय्य दिसणार होता. असे असूनही ओस पडलेली शेते ही कोणाच्या पक्षाची साक्ष नव्हती. ज्या रयतेने गाव सोडले, तिला ना शिलालेख लिहावयाचा होता, ना खलिता.

म्हणून अमरसिंहाविषयी दोन विधाने एकत्र करावी लागतात. त्याने प्रजेला संरक्षण दिले नाही, दुष्ट कारभाऱ्यास आवर घातला नाही आणि एका पोरक्या मुलास छळले; लोकांचा रोष त्याने स्वतः ओढवून घेतला होता. त्याचबरोबर, ज्या वसुलीसाठी हा जुलूम झाला तिचा मोठा भाग तंजावरच्या खजिन्यात राहतच नव्हता. तो ज्यांच्याकडे जात होता तेच पुढे न्यायाधीश झाले आणि नंतर मालकही झाले. त्याला निर्दोष ठरविणे हा त्या काळच्या कुणब्यांवर अन्याय होईल; एकट्यालाच दोषी ठरविणे हा इतिहासावर. सरफोजीच्या ग्रंथालयात शिरताना आपण ज्या उजेडाचे कौतुक करतो, त्याच्या उंबरठ्याशी ही अकरा वर्षे उभी आहेत. ती ओलांडून पुढे जाणाऱ्याने त्यांचा हिशेब मांडूनच पुढे जावे.